पडदे उघडेपर्यंत

पडदेवाल्यांचा स्वभाव संशयी आहे हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, आणि ते सगळ्यांना माहीत असावं असा त्यांनाही संशय होता.

दुकान तसं जुनं आणि नावाजलेलं. पुढच्या बाजूला कापडाचे तागे, मधे मोठं टेबल, कोपऱ्यात गल्ल्याशेजारी कॉम्प्युटर. मागच्या खोलीत शिलाईची दोन मशिनं. एकावर त्यांची बायको शिवायची. दुसरं रिकामं असायचं. त्यावर पूर्वी एक उंच कारागीर बसायचा, त्याला सगळे लंबू म्हणायचे. लंबूने वर्षानुवर्षं खाली मान घालून पडदे शिवले आणि एके दिवशी मागच्याच रस्त्यावर स्वतःचं दुकान थाटलं. जाताना चार-दोन गिऱ्हाइकं सोबत घेऊन गेला. खरं तर ती गिऱ्हाइकं त्याच्याच नात्यातली होती, पण पडदेवाल्यांना हे सांगायला कोणी गेलं नाही, आणि गेलं असतं तरी त्यांना पटलं नसतं.

तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. वेबसाइटवर आलेली ऑर्डर फक्त गल्ल्याजवळच्या कॉम्प्युटरवर दिसायची, आणि त्याचा पासवर्ड फक्त त्यांच्या डोक्यात. ऑर्डर आली की ते पाठ फिरवून एका चिठ्ठीवर कापडाचा नंबर आणि खिडकीचं माप उतरवायचे. गिऱ्हाइकाचं नाव नाही, फोन नाही, पत्ता नाही. तेवढीच चिठ्ठी मागच्या खोलीत जायची.

"अहो, निदान मला तरी सांगा कोणासाठी शिवतेय ते," बायको एकदा म्हणाली होती.

"तुझ्यावर माझा विश्वास आहे गं. पण चिठ्ठीचं काय, कुठेही पडू शकते."

बायकोने पुढे काही विचारलं नाही. ती गप्प बसली याचं त्यांना जरा नवल वाटलं, पण तेवढ्यात दुकानात कोणीतरी आलं आणि ते विसरले.

वेबसाइट बनवून दिली होती त्यांच्या भाच्याने, थोरल्या बहिणीच्या मुलाने. पोरगा कॉम्प्युटरच्या कामातच नोकरीला होता. सुरुवातीला ती झटकन उघडायची. कापडं, रंग, नमुने, खाली ऑर्डरचा फॉर्म. बाकी काही नाही. मग पडदेवाल्यांना प्रश्न पडायला लागले. आपलं पान रोज कोण बघतं? भाच्याने मोजणारं काहीतरी बसवून दिलं. मोजतं ते बरोबर मोजतं कशावरून? म्हणून आणखी एक मोजणारं. लंबू आपले नमुने चोरत असेल तर? फोटो कोणाला उतरवून घेता येऊ नये अशी सोय. आलेला माणूस पानावर कुठे थांबतो, काय बघतो, काय न घेता निघून जातो, त्याची नोंद ठेवणारं आणखी एक.

"मामा, आता बास," भाचा एक दिवस म्हणाला. "हे सगळं त्या पानाच्या डोक्यावर बसतंय. वेबसाइट जड होईल."

झालं! पडदेवाल्यांच्या मनात पाल चुकचुकली. पहारा वाढवायला हा नको का म्हणतो? ते भाच्याला काही बोलले नाहीत. पण त्यानंतर जे काही बसवायचं ते त्यांनी परस्पर बाहेरच्या माणसांकडून बसवून घेतलं. एकाने बसवलेलं दुसऱ्याला दाखवायचं, दुसऱ्याने बसवलेलं तिसऱ्याकडून तपासून घ्यायचं, आणि जाता जाता तिसराही आपलं काहीतरी बसवून जायचा.

मग गिऱ्हाइकांचे फोन यायला लागले. "तुमचं पान उघडतच नाही हो." "नुसतं गोल गोल फिरत राहतं." एक जुन्या ओळखीच्या बाई म्हणाल्या, "मी ते लावून आंघोळीला गेले. केस पुसत बाहेर आले तरी फिरतंच होतं. शेवटी दुसरीकडून घेतले पडदे."

"दुसरीकडून म्हणजे कुठून?" पडदेवाल्यांनी लगेच विचारलं.

बाईंनी फोन ठेवला.

ऑर्डरी कमी कमी होत गेल्या. पडदेवाल्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिलं तर पान बऱ्यापैकी लवकर उघडत होतं. म्हणजे आपल्याला चालू आणि गिऱ्हाइकाला बंद! कोणीतरी मुद्दाम करतंय यात आता त्यांना शंकाच उरली नाही. लंबू. पण लंबूला तर फोनवर धड निरोपही लिहिता येत नाही. म्हणजे त्याला आतून कोणाची तरी मदत आहे.

शेवटी बायकोनेच टुमणं लावलं म्हणून त्यांनी वेबसाइट हलकी करून देणारी एक बाई शोधली. तिच्याबद्दल दोघांकडे चौकशी केली, आणि मग त्या दोघांबद्दल तिसऱ्याकडे. बाई तिशी-पस्तिशीची, आखूड केसांची, कामाला लागली की इकडेतिकडे न बघणारी. आल्या आल्या तिने लॅपटॉप उघडला. पडदेवाल्यांनी तिच्या मागे स्टूल ओढलं आणि तिच्या खांद्यावरून बघत बसले.

"काका, तुम्हाला यातलं कळतं का?"

"का? कळत असेल तर वेगळं करणार होतात?"

ती हसली आणि आपल्या फोनवर त्यांचं पान उघडायला लागली. दोघं बघत राहिले. पान पांढरंफटक. मग वरची पट्टी आली. मग परत पांढरं. मग अर्धा पडदा.

"माझ्या कॉम्प्युटरवर तर उघडतं," पडदेवाले म्हणाले.

"तुम्ही रोज बघता ना, म्हणून तुमच्या कॉम्प्युटरने बरंचसं स्वतःकडे साठवून ठेवलंय. नवीन माणसाला सगळं पहिल्यापासून ओढून घ्यावं लागतं. आणि ओढायला काय काय आहे बघा." ती एकेक दाखवायला लागली. "हे फोटो. कॅमेऱ्यातून निघाले तसेच चढवलेत. खिडकीला पुरतील एवढे मोठे फोटो, दाखवायचे तळहाताएवढ्या जागेत. ते मी लहान करते, रंगात काही फरक पडणार नाही. पण खरं दुखणं हे आहे." तिने बोटाने एक भलीमोठी रांग वरून खाली सरकवली. "हे सगळे पहारेकरी. गिऱ्हाईक दारात आलं की आधी हे आत येऊन बसतात, आपापल्या मालकाला निरोप धाडतात, त्याचं उत्तर यायची वाट बघतात. त्यांचं झालं की मग तुमचे पडदे दिसतात. यातले काही तर एकमेकांवरच लक्ष ठेवून आहेत. कोणी बसवले एवढे?"

"सुरक्षेसाठी आहेत," पडदेवाले तुटकपणे म्हणाले.

"कोणापासून?"

एकेकाचं नाव घेऊन ती विचारत गेली, हे तुमचं का, हे तुमचं का, आणि ते हो हो म्हणत गेले. फॉर्मपाशी आल्यावर ती थांबली.

"आणि हे? याचा वेगाशी काही संबंध नाही, पण तुम्हाला माहीत असावं म्हणून विचारते. आलेल्या प्रत्येक ऑर्डरची एक प्रत आणखी एका पत्त्यावर जाते."

पडदेवाले स्टुलावरून पुढे वाकले. "कोणाच्या?"

"नाव नाही दिसत. नुसतीच अक्षरं आणि आकडे. पण ज्याने वेबसाइट बनवली त्यानेच केलंय हे, त्याच्याच हातचं आहे."

"सगळी माहिती जाते? नाव, फोन, पत्ता?"

"सगळी."

ते उठून उभे राहिले. इतके दिवस ज्याला ते फक्त संशय म्हणत होते तो आता समोर पडद्यावर लिहिलेला होता. ती बाई म्हणत होती, "काका, घाई करू नका, एखादं साधं कारण असेल. काय काढायचं, काय ठेवायचं ते ठरवा, मी परवा येते." पण त्यांना ते धड ऐकूही गेलं नाही. ती दुकानाची पायरी उतरायच्या आत त्यांनी भाच्याला फोन लावला होता.

"माझ्या ऑर्डरी कोणाला पाठवतोस?"

"मामा, तसं काही नाहीये."

"प्रत जाते की नाही? हो का नाही सांग."

"जाते."

"कोणाला?"

"ते मी नाही सांगू शकत. मी शब्द दिलाय."

"लंबूने किती दिले तुला? सख्ख्या मामाच्या दुकानाला भोक पाडताना लाज नाही वाटली? चोर आहेस तू!"

फोन बंद झाला. थोड्याच वेळात थोरल्या बहिणीचा आला. ती कधी आवाज चढवायची नाही, आणि आजही चढवला नाही. "माझ्या पोराला चोर म्हणालास. एवढंच विचारायला फोन केला, म्हणालास ना? म्हणालास. बरं." आणि तिनेही ठेवला.

बायको मागच्या खोलीच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा उतरला होता. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, पण पडदेवाल्यांनी हात वर केला. "तू मधे पडू नकोस. तुझ्या लाडक्या भाच्याचे प्रताप आहेत." ती मागे वळली. बऱ्याच वेळाने मशीनचा आवाज सुरू झाला, तोही अडखळत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते टेबलावर कापड मोजत होते. मागच्या खोलीतून बायकोचा दबका आवाज आला. ती फोनवर होती.

"हो, मीच येते... नाही नाही, त्यांना नाही सांगायचं. त्यांना कळलं तर उगाच... हो, माप घेऊनच बोलू."

पडदेवाल्यांचे हात जागच्या जागी थांबले. कोणाला नाही सांगायचं? काय नाही सांगायचं? भाच्याने शब्द दिलाय. कोणाला दिला असेल? एकेक गोष्ट त्यांना आठवायला लागली. ही हल्ली आठवड्यातून एकदा-दोनदा दोरा आणायला म्हणून बाहेर जाते. येताना कधी दोरा आणते, कधी नाही. लंबू इथे होता तेव्हा ही त्याला स्वतःच्या डब्यातलं वाढायची. तो गेला तेव्हा ही म्हणाली होती, त्याचं काय चुकलं? आणि ऑर्डरबद्दल विचारणं हिने एकाएकी बंद केलं होतं. का बंद केलं? कारण विचारायची गरजच राहिली नव्हती.

लंबू गेला तेव्हा राग आला होता. भाच्याचं कळलं तेव्हाही रागच आला. आता राग येईना. त्यांनी टेप गुंडाळून टेबलावर ठेवली.

बायको पदर खोचत बाहेर आली. "जरा दोरा घेऊन येते."

"ये," ते म्हणाले.

ती वळणापर्यंत गेली आणि त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. भर दिवसा दुकान बंद करायची ही त्यांची पहिलीच वेळ. शेजारचा चष्मेवाला बघतच राहिला. पडदेवाले भिंतीच्या कडेने, मधे माणसं ठेवून बायकोच्या मागे निघाले. दोऱ्याचं दुकान आलं; ती आत वळली नाही. पुढे मागचा रस्ता आला, लंबूचा. तिथे ती क्षणभर थांबली आणि पडदेवालेही थांबले. पण ती एका सायकलवाल्याला जाऊ देत होती. तो गेल्यावर रस्ता ओलांडून सरळ पुढे गेली. लंबूच्या दुकानाकडे तिने बघितलंसुद्धा नाही. एवढी सराईत झालीये, पडदेवाल्यांच्या मनात आलं.

एका तीनमजली इमारतीत ती शिरली. तेही शिरले. तिची पावलं वर चढत गेली, दुसऱ्या मजल्यावर थांबली, बेल वाजली. ते जिन्याच्या वळणावर कठड्याला धरून उभे राहिले. वरचं दार उघडंच राहिलं होतं. तिथून खोलीतली खिडकी दिसत होती, आणि खिडकीपाशी स्टुलावर त्यांची बायको उभी होती, हातात टेप.

"बघा, तुम्ही काचेचं माप लिहिलंय," ती कोणाला तरी सांगत होती. "पडदा दांडीपासून मोजायचा असतो. शिवाय लिहिलंय सेंटिमीटरमधे, पण फॉर्मवर खूण केलीये इंचाची."

"अगंबाई, खरंच की!" आतून एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला. "मग तुमचे मिस्टर काही बोलले नाहीत ते?"

"ते पुढच्या दुकानात गडबडीत असतात. चिठ्ठी माझ्याकडे आली तेव्हा मला वाटलं, असल्या मापाची खिडकी तर किल्ल्यालाही नसेल. म्हणून आले."

"दर वेळी असं घरोघरी जाता?"

"दर वेळी नाही. बरेचदा फोनवर भागतं. मधे एकदा असंच चुकीच्या मापाचं शिवलं होतं, पडदे वीतभर आखूड झाले. त्या बाई मला रस्त्यात भेटल्या, केवढ्या बोलल्या! मी परत शिवून दिले. घरी काही बोलले नाही. त्यानंतर ठरवलं, कापडाला कात्री लावायच्या आधी आपण स्वतः विचारायचं."

पडदेवाले जिन्याच्या पायरीवर बसले. एकही पडदा परत येत नाही याचा त्यांना केवढा अभिमान होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. लंबू गेला तरी आमचं माप चुकत नाही, म्हणायचे.

ती खाली आली तेव्हा ते तिथेच होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग वरच्या दाराकडे, आणि तिच्या सगळं लक्षात आलं.

"माझ्या मागे आलात?"

त्यांनी मान हलवली.

"दुकान बंद करून?"

"अर्धं."

ती एक पायरी सोडून बसली. "प्रत माझ्याकडे येते. मीच त्याच्या मागे लागले होते. तो आधी तयारच नव्हता, मामांना विचार म्हणाला. मी म्हटलं, विचारलं तर ते आणखी एक कुलूप लावतील. मग मीच त्याच्याकडून शब्द घेतला. काल तुम्ही त्याला चोर म्हणालात तेव्हा मी बोलायला हवं होतं. तुमचा तो वर केलेला हात बघितला आणि माझी हिंमतच गेली. रात्रभर डोळा नाही लागला माझा."

"मला वाटलं..." त्यांना पुढे बोलवेना.

"काय वाटलं?"

"लंबू."

"लंबूला मी पडद्यांची मापं विकते?" तिचा आवाज जिन्यात घुमला. वर एक दार उघडून पुन्हा लागलं. "इतकी वर्षं तुमच्या मागच्या खोलीत बसून मी पाठ मोडून घेतली, आणि तुम्हाला असं वाटलं?"

ती उठली आणि चालायला लागली. ते तिच्या मागून गेले, पण आता भिंतीच्या कडेने नाही. दोऱ्याच्या दुकानापाशी ती थांबली. "दोरा खरंच संपलाय," म्हणाली आणि आत गेली. ते बाहेर उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे वेबसाइटवाली बाई आली तेव्हा पडदेवाल्यांनी तिच्या मागे स्टूल ओढलं नाही. बायकोलाच तिथे बसवलं आणि स्वतः टेबलाच्या पलीकडे उभे राहिले.

"काय काय काढू?"

"सगळं काढा."

"सगळं नको. किती लोक येतात ते कळायला एक मोजणारं असू दे, ते हलकं असतं."

"ते बरोबर मोजतं कशावरून?" त्यांच्या तोंडून निघून गेलं. बायकोने फक्त मान वर केली. "राहू दे," ते म्हणाले. "एक राहू दे."

ती प्रत बंद करायची का, असं बाईने विचारलं. पडदेवाले म्हणाले, बंद करा, माझा पासवर्ड मी हिला सांगतो. बायको म्हणाली, "तुमचा नको मला. माझ्या नावाचा वेगळा द्या, आणि तो मी कोणाला सांगणार नाही." त्यांना ते लागलं. मग बायकोनेच सांगितलं, फॉर्मवर मोजायची पद्धत चित्र काढून दाखवा, आणि इंच की सेंटिमीटर हे ठळक विचारा. बाईने ते तिथल्या तिथे केलं. फोटो लहान झाले, पहारेकरी एकेक करून गेले, आणि संध्याकाळ व्हायच्या आत काम आटोपलं.

बाईने आपला फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोट लावलं आणि पान उघडलं. वाट बघायच्या तयारीने त्यांनी श्वास घेतला होता, तो तसाच राहिला. सगळे पडदे समोर, रंगांसकट.

"इतक्या लवकर?" ते म्हणाले. "काहीतरी गायब असणार."

मग त्यांनी प्रत्येक पान उघडून पाहिलं, प्रत्येक ताग्याशी फोटो ताडून पाहिला. काही गायब नव्हतं. ते हे करत होते तेवढ्यात एक ऑर्डर आली. बायकोने ती वाचली, मापाकडे बघितलं आणि त्यांच्यादेखत गिऱ्हाइकाला फोन लावला.

बहिणीच्या घरी जायला त्यांना धीर होईना. उद्या जाऊ, उद्या जाऊ करत आठवडा गेला. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी सकाळी बायकोच चपला घालून दारात उभी राहिली, तेव्हा निघाले.

दार भाच्याने उघडलं. पडदेवाल्यांनी येताना सगळं मनाशी घोकलं होतं, पण त्यातलं काहीच वेळेवर आठवलं नाही.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "तू सांगितलं होतंस, जड होईल. झालं."

"ते ठीक आहे, मामा. चोर म्हणालात ते?"

"तेही. तेच जास्त."

भाचा दाराची कडी धरून उभा होता. "मी तुमचं काम आता नाही करणार. त्या बाई चांगल्या आहेत, त्यांच्याकडूनच करून घ्या." मग बाजूला झाला. "आत या. आई चहा ठेवतेय."

बहिणीने चहा आणून समोर ठेवला, घे म्हणाली नाही. स्वतः मात्र समोरच्या खुर्चीत बसली, उठून गेली नाही. पडदेवाल्यांनी चहा घेतला. बायको आणि भाचा स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात बोलत होते. शब्द कळत नव्हते. मधेच भाचा हसला. पडदेवाल्यांनी कप खाली ठेवला, वर उचलला, परत खाली ठेवला. शेवटी ते उठले आणि सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"माझ्याबद्दल बोलताय का?"

"हो," बायको म्हणाली.

"बरं," ते म्हणाले आणि परत येऊन बसले.